टेक्सासमधला गोठवणारा हिवाळा आणि घरचा स्विमिंग पूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ आणि आसपासच्या उपनगरांत ज्या मराठी घरांच्या परसात पूल आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. दरवर्षी थंडीची पहिली लाट येण्याची बातमी आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, आणि उत्तरं मिळेपर्यंत रात्र झालेली असते. म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. एखाद्या उबदार शनिवारी वाचून ठेवा.

एवढा मोठा पूल एका रात्रीत थोडाच गोठणार? मग काळजी कसली?

पूल गोठत नाही, हे बरोबर आहे. साध्या घरगुती पूलमध्ये ५०-६० हजार लिटर पाणी असतं. ते थंड व्हायला कित्येक दिवस लागतात, आणि झालंच तर वरचा पातळ थर गोठतो. काळजी पूलची नाहीच. काळजी आहे ती घराच्या बाजूला काँक्रीटच्या ओट्यावर उघड्यावर बसवलेल्या यंत्रांची : पंप, फिल्टर, हीटर, पाण्यात क्लोरीन सोडणारा क्लोरिनेटर, व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणारे पांढरे पाइप. पंपाच्या, कचरा अडवणाऱ्या बास्केटच्या भांड्यात जेमतेम काही लिटर पाणी असतं, आणि त्याला चहूबाजूंनी वारा लागतो. पाणी वाहायचं थांबलं की ते काही तासांत गोठू शकतं.

पाणी गोठल्यावर नेमकं काय फुटतं, आणि का?

गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली का फुटते, ते आपल्याला माहीत आहेच. पण पाइपात आणखी एक गोष्ट घडते. पाइप जिथे गोठतो तिथेच फुटेल असं नाही. बर्फाचा बोळा एका जागी तयार होतो आणि वाढत जातो. त्याच्या पुढे बंद व्हॉल्व्ह असेल, तर मधल्या अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. तो दाब सर्वांत कमकुवत सांधा शोधतो. म्हणून तडा कधी कधी बर्फापासून हातभर लांब सापडतो.

ओट्यावर सहसा यांचा बळी जातो : पंपाचं भांडं आणि झाकण, फिल्टरवरचा दाबमापक, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणारा), क्लोरिनेटर, सॉल्ट सेल (मिठापासून क्लोरीन बनवणारा भाग), आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्लीनरला पाणी देणारा छोटा बूस्टर पंप. हीटरच्या आतल्या तांब्याच्या नळ्या फुटल्या तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. हीटरच्या प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळी तर सगळ्यांत आधी गोठते, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

न्यू जर्सीत आम्ही हिवाळ्याआधी पूल बंद करायचो. इथे तसं का करत नाहीत?

तिकडे शरद ऋतूत पाण्याची पातळी उतरवतात, कॉम्प्रेसरने पाइपांतून हवा मारून पाणी काढतात, तोंडांना बूच लावतात आणि वर कव्हर ताणतात. वसंतापर्यंत तिकडे फिरकायचं काम नाही. पुढे पारा कितीही उतरला तरी यंत्रांत पाणीच नसतं, त्यामुळे फुटायला काही उरत नाही.

टेक्सासमध्ये पूल बाराही महिने भरलेला आणि चालू असतो. जानेवारीत एखाद्या दुपारी ७५ फॅरनहाइट असतं आणि दोन दिवसांनी पहाटे २० असतं. त्यामुळे इथली सगळी भिस्त एकाच गोष्टीवर : थंडीत पंप फिरत राहिला पाहिजे. आणि पंप फिरायला वीज लागते. इथल्या पद्धतीची कमजोर बाजू नेमकी हीच. न्यू जर्सी किंवा शिकागोहून इकडे आलेली मंडळी थंडीला सरावलेली असतात, पण या एका बाबतीत तिकडचा अनुभव इथे कामी येत नाही.

२०२१ मध्ये एवढं नुकसान कशामुळे झालं?

वीज गेल्यामुळे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर राज्याच्या वीजजाळ्याने भारनियमन सुरू केलं. ४५ लाखांहून अधिक घरं आणि व्यवसाय अंधारात गेले, कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस. १६ तारखेला डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सियसची नोंद झाली. १९४९ नंतरचं ते सर्वांत कमी तापमान होतं. ह्यूस्टनसारख्या दमट गावातही पारा १३ फॅरनहाइटपर्यंत उतरला. सरकारी आकड्यांनुसार त्या वादळात २४६ माणसं गेली, त्यापुढे पूलचं नुकसान काहीच नाही. पण ज्यांचे पंप त्या रात्री थांबले आणि ज्यांना यंत्रं रिकामी कशी करायची हे ठाऊक नव्हतं, त्यांचे ओटेच्या ओटे फुटले. पुढे कित्येक आठवडे बाजारात पंप, फिल्टर आणि साधे पाइपांचे जोडही मिळेनात.

किती तापमान दाखवलं की कामाला लागायचं?

हवामान खात्याच्या अंदाजात ३२ फॅरनहाइट किंवा त्याखालचा आकडा दिसला की. ३१-३२ पर्यंत दोन तास उतरून पुन्हा वर येणार असेल, तर पंप चालू असणं पुरतं. २८ च्या खाली कित्येक तास राहणार असेल, तर आधीच्या दुपारी ओट्यापाशी जाऊन सगळं तपासा. २० च्या आत आणि सोबत वारा असेल, तर वीज जाणार असं धरूनच तयारी ठेवा.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. 'फील्स लाइक १५' असं फोनवर दिसलं म्हणून पाइप १५ पर्यंत थंड होत नाही. हवेचं खरं तापमान ३४ असेल तर तो ३४ च्या खाली जाणार नाही. पण वाऱ्यामुळे तो फार लवकर थंड होतो. म्हणून उत्तरेकडे उघडा असलेला ओटा आधी गोठतो.

आमच्याकडे फ्रीझ गार्ड आहे. मग तो बघून घेईल ना?

वीज असेपर्यंत आणि तो नीट लावलेला असेल तर, हो. फ्रीझ गार्ड म्हणजे हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. तापमान ठरावीक आकड्याखाली, सहसा ३५ ते ४० फॅरनहाइटच्या दरम्यान, गेलं की तो पंप आपोआप सुरू करतो. नव्या व्हेरिएबल स्पीड पंपांत बहुधा ही सोय आतच असते.

पण तो गृहीत धरू नका. अनेक कंट्रोलरमध्ये पूलवाल्याने काम करताना लावलेला 'सर्व्हिस' मोड तसाच राहिला, तर फ्रीझ गार्ड चालतच नाही. सेन्सर उन्हात, भिंतीला चिकटून किंवा हीटरच्या धुराड्याजवळ असेल तर त्याला हवा आहे त्यापेक्षा गरम वाटते. काही घरांत गार्ड मुख्य पंपाला जोडलेला असतो, पण धबधब्याच्या पंपाला नसतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. नोव्हेंबरमधल्या एखाद्या संध्याकाळी, पंप बंद असताना, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घेऊन ती सेन्सरच्या टोकाला धरून ठेवा. सेन्सर म्हणजे बहुतेक ठिकाणी कंट्रोल बॉक्सखाली लोंबणारा करंगळीएवढा काळा तुकडा. काही मिनिटांत पंप गुरगुरत सुरू झाला पाहिजे. नाही झाला, तर पूलवाल्याला बोलावायला तुमच्याकडे अजून वेळ आहे. ही चाचणी दरवर्षी कराच.

आमच्याकडे जुना, चकतीचा टायमर आहे. फ्रीझ गार्ड नाही.

मग थंडी असेपर्यंत पंप हाताने सुरू करा, आणि चकतीवरचा पंप बंद करणारा काटा काढून ठेवा. नाहीतर तुम्ही रात्री दहाला सुरू केलेला पंप टायमर पहाटे चारला, ऐन थंडीत, बिनबोभाट बंद करेल. एरवी फ्रीझ गार्ड बसवून घेणं हा चांगला खर्च आहे.

पंप चालू आहे. एवढं पुरे का?

पाणी सगळीकडून फिरतंय का, ते पाहा. ज्या पाइपात पाणी हलत नाही तो गोठणार, बाकीचे कितीही जोरात वाहोत. स्पा, धबधबा, कारंजी, क्लीनरची लाइन, सगळ्यांचे व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे ठेवा. क्लीनरचा बूस्टर पंप वेगळा असतो. तोही मुख्य पंपासोबत चालला पाहिजे, कधीच एकटा नाही.

स्किमर म्हणजे पूलच्या भिंतीतलं, वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारं तोंड. पाण्याची पातळी त्या तोंडाच्या मध्याच्या थोडी वर असू द्या. स्किमरमध्ये बर्फ किंवा ओकची पानं अडकली तर पंपाला पाणी मिळत नाही आणि तो कोरडा फिरून त्याचं सील जळतं. तळाच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह म्हणूनच उघडा ठेवायचा. वेग फार लागत नाही, पण अगदी मंदही ठेवू नका. पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाशी हात धरल्यावर पाण्याचा धक्का स्पष्ट जाणवला पाहिजे.

हीटर लावून पाणी गरम ठेवलं तर?

गरज नाही. वाहतं पाणी पुरतं. तळाकडून येणारं ४५-५० फॅरनहाइटचं पाणी पाइपांना गोठण्यापासून वाचवायला पुरेसं गरम असतं. गॅस मात्र भरपूर जळेल. आणि वीज गेली तर गॅसचा हीटरही बंदच पडतो.

वीज गेली. आता काय करायचं?

या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. छापून गॅरेजमध्ये लावून ठेवा.

आधी ब्रेकर बंद करा. पंपाचे, हीटरचे, कंट्रोलरचे, सगळे. ही पायरी चुकवू नका. भारनियमनात वीज येते-जाते. तुम्ही यंत्रं रिकामी करून घरात गेलात आणि वीज आली, की फ्रीझ गार्ड कोरडा पंप सुरू करणार. हीटरचा गॅसचा व्हॉल्व्हही बंद करा.

मग पाहा, ओटा पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर आहे की खाली. वर असेल तर झाकण उघडताच हवा आत शिरते आणि बरंचसं पाणी आपोआप पूलकडे उतरतं. खाली असेल, किंवा तुमचा स्पा ओट्यापेक्षा उंच असेल, तर उघडण्याआधी येणारे आणि जाणारे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करावे लागतात. नाहीतर अख्खा पूल अंगणात येईल. हे अंधारात शोधायची गोष्ट नव्हे. आजच दिवसाउजेडी पाहून व्हॉल्व्हवर रंगीत टेप लावून ठेवा.

त्यानंतर फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा छोटा व्हॉल्व्ह उघडा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येईल आणि दाबमापकाचा काटा शून्यावर बसेल. तो शून्यावर आल्याशिवाय दुसरं काहीही सैल करू नका. दाबाखालचं झाकण उडून जीव जाऊ शकतो. काटा शून्यावर आला की पंपाचं पारदर्शक झाकण फिरवून काढा आणि बास्केट बाहेर घ्या. भांड्याच्या खाली, जमिनीलगत, दोन छोटे प्लॅस्टिकचे प्लग असतात : एक पुढे, दुसरा मोटरच्या बाजूला. बहुतेक लोक पुढचा काढतात आणि मागचा विसरतात, आणि पंप मागून फुटतो. दोन्ही काढा. मग फिल्टरच्या तळाचा प्लग, हीटरचे प्लग, क्लोरिनेटरचा, बूस्टर पंपाचा. वाळूचा फिल्टर असेल तर मल्टिपोर्टचा दांडा दोन खुणांच्या मध्ये ठेवा, म्हणजे आतलं पाणी कुठे अडकणार नाही.

काढलेले सगळे प्लग त्याच बास्केटमध्ये टाका आणि बास्केट घरात आणा. वीज परत आल्यावर गवतात प्लग शोधणारी माणसं दर थंडीत दिसतात.

स्किमरमध्ये अर्धवट पाणी किंवा थोडी वाळू भरून झाकण घट्ट लावलेली प्लॅस्टिकची बाटली उभी तरंगत ठेवा. बर्फ फुगला तर ती चेपते आणि स्किमरच्या भिंतीवरचा दाब कमी होतो.

वीज लगेच येईल असं वाटतंय. किती वेळ थांबू?

तापमान ३० च्या आसपास असेल तर तासभर थांबून पाहता येईल. २० च्या जवळ असेल आणि वारा असेल, तर थांबू नका, टॉर्च घ्या आणि बाहेर पडा. सरावलेल्या माणसाला हे काम वीस मिनिटांचं आहे. वीज आली तर प्लग परत लावता येतात; फुटलेला हीटर परत जुळत नाही.

प्लग फिरतच नाहीये. हिसका देऊ?

नको. थंडीत प्लॅस्टिक आणि पीव्हीसी कडक होतं, आणि हिसका बसला की अख्खं भांडं चिरतं. कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल गुंडाळून दोन मिनिटं ठेवा, मग पुन्हा हाताने प्रयत्न करा. दरवर्षी एकदा प्लग काढून त्याच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, सिलिकॉनचं वंगण लावलं तर ही वेळ येत नाही. पेट्रोलियम जेली मात्र लावू नका, तिने रबर फुगतं.

आमचा खाऱ्या पाण्याचा पूल आहे. मीठ असलेलं पाणी गोठत नाही ना?

गोठतं. सॉल्ट पूलमध्ये मीठ असतं साधारण ३,००० ते ३,५०० पीपीएम, म्हणजे समुद्राच्या जेमतेम एक दशांश. त्याने गोठणबिंदू सेल्सियसच्या दोन दशांश अंशाने खाली जातो. एवढ्याने काही वाचत नाही. उलट सॉल्ट सेल हा महागडा भाग, आणि त्याचं पारदर्शक कवच सहज तडकतं. शिवाय गार पाण्यात तो क्लोरीन बनवणं थांबवतो, तेव्हा हिवाळ्यात द्रव क्लोरीन हाताने घालावं लागतं.

गाडीचं अँटीफ्रीझ ओतलं तर चालेल?

मुळीच नाही. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. मुलं, कुत्री, पक्षी, कोणाच्याही पोटात गेलं तर जिवावर बेततं. पूलसाठी मिळतं ते प्रोपिलिन ग्लायकॉलचं असतं, पण यंत्रं नीट रिकामी केली असतील तर टेक्सासमध्ये त्याचीही गरज पडत नाही.

यंत्रांवर गोधड्या घातल्या तर?

उपयोग होतो, पण मर्यादित. गोधडी स्वतः ऊब देत नाही, आत असलेली फक्त टिकवते. पाणी वाहत असताना उघड्या पाइपांवर फोम किंवा जुने टॉवेल गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधलं तर चांगलं. पाणी थांबलेलं असेल तर गोधडीने थोडा वेळ मिळतो, एवढंच. चालू गॅस हीटरवर आणि पंपाच्या मोटरवर काहीही टाकू नका. पाइप वितळवायला उघडी ज्योत तर कधीच नको.

बागेच्या स्प्रिंकलरचा पितळी बॅकफ्लो व्हॉल्व्ह आणि पूल आपोआप भरणारी नळी याच वेळी बंद करून रिकामी करा. त्यांत नळाचं पाणी असतं, पंपाचा त्यांच्याशी संबंध नाही.

जनरेटरवर पंप चालवता येईल का?

पंप बहुतेक २४० व्होल्टचा असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानातले बरेच छोटे जनरेटर फक्त १२० व्होल्ट देतात. इलेक्ट्रिशियनकडून आधीच जोडणी करून घेतली नसेल तर त्या रात्री प्रयोग नको. आणि जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, चालवू नका. २०२१ मध्ये टेक्सासात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. पूलसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. प्लग काढा आणि घरात जा.

आम्ही डिसेंबर-जानेवारीत भारतात असतो. तेव्हा काय?

हा आपल्या लोकांचा खास प्रश्न, कारण शाळेची सुट्टी आणि थंडीची लाट नेमक्या एकाच वेळी येतात. २०२२ ची लाटही नाताळाच्या आदल्या दोन-तीन दिवसांतच आली होती, आणि तेव्हा कितीतरी घरं पुण्या-नागपुरात लग्नाच्या पंगतीत होती. फोनवरच्या ॲपमध्ये पंप 'चालू' दिसतोय यावर विसंबू नका. वीज गेली की वायफायही जातं, आणि शेवटचं दिसलेलं चित्र तसंच राहतं.

एक माणूस ठरवा. शेजारी, मंडळातला मित्र, किंवा पैसे देऊन पूलवाला. पण नुसती किल्ली देऊन जाऊ नका. निघण्याआधी त्याला ओट्यापाशी उभं करून ब्रेकर, व्हॉल्व्ह आणि प्रत्येक प्लग त्याच्या हाताने एकदा काढायला-लावायला लावा. फोनवर त्याचा व्हिडिओ करा आणि त्याला पाठवा. पूलवाल्यावर एकट्यावर विसंबणं मला पटत नाही. तो प्रामाणिक असला तरी त्या रात्री त्याच्याकडे शंभर फोन येतात, आणि रस्त्यांवर बर्फ असतो. चालत येऊ शकणारा शेजारी बरा.

महिनाभरासाठी जाणार असाल आणि असा कोणीच नसेल, तर यंत्रं रिकामी करून, ब्रेकर पाडून जा. परत आल्यावर पाणी हिरवं झालेलं असेल. हिरवं पाणी आठवड्यात साफ होतं.

पूलवर बर्फ जमलाय. मुलांना उभं राहून फोटो काढायचाय.

नाही म्हणा, आणि मागचं दार लावून घ्या. इथला बर्फ वरून पांढरा आणि टणक दिसतो, पण बोट-दीड बोटाचा असतो. खाली पाणी फिरत असेल तर कडेला आणखी पातळ. कुत्र्यालाही मोकळं सोडू नका. बर्फ फोडायला हातोडी वापरू नका, त्या हादऱ्याने कडेच्या टाइल्स निघतात.

थंडी ओसरली. पंप कधी सुरू करू?

ओट्यावरचं सगळं पूर्ण वितळल्यावर, आणि दिवसाउजेडी. पंपाच्या भांड्यात हात घालून पाहा, बर्फाचा खडा तर नाही ना. प्रत्येक भांडं, जोड, व्हॉल्व्हची पोटं बोटाने चाचपा; केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला लागते. ओ-रिंग पुसून, वंगण लावून प्लग बसवा. मिटलेले व्हॉल्व्ह पुन्हा उघडा. भांडं पाण्याने भरा, झाकण लावा, फिल्टरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, मग ब्रेकर चढवा. पंप सुरू करून फिल्टरपासून लांब उभं राहा. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाण्याची सलग धार आली की तो बंद करा. पुढची पंधरा मिनिटं तिथून हलू नका. कुठेही थेंब टपकला तर बंद करून तिथे मार्करने खूण करा. हीटर सर्वांत शेवटी, गळती नाही याची खात्री झाल्यावर.

तडा गेलाय. एम-सील किंवा टेप लावून चालेल?

दाबाखालच्या पाइपावर टिकत नाही. तडा गेलेला पीव्हीसीचा तुकडा कापून नवा जोडायचा. हात बसलेला असेल तर घरी करता येतं. फिल्टरच्या टाकीला तडा असेल तर मात्र चिकटवायचा विचारही नको, टाकी बदला. आतल्या दाबाने ती फुटते तेव्हा जवळचा माणूस वाचत नाही.

विमा भरपाई देईल का?

पॉलिसीवर अवलंबून आहे. काहींत पूलची यंत्रं धरलेली असतात, काहींत गोठून झालेलं नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं, आणि डिडक्टिबल बरंच मोठं असू शकतं. पॉलिसी ऑक्टोबरमध्येच वाचा आणि एजंटला लेखी विचारा. नुकसान झालंच तर काहीही फेकण्याआधी यंत्रावरच्या मॉडेलच्या पट्टीसकट फोटो काढा, आणि फुटलेले भाग दावा मिटेपर्यंत गॅरेजमध्ये ठेवा.

नळाला पाणी नाही. पूलचं पाणी वापरता येईल?

फ्लशसाठी जरूर. २०२१ मध्ये असंख्य घरांनी तेच केलं. साधारण सहा-सात लिटरची बादली थेट कमोडच्या भांड्यात एकदम ओतली की काम होतं, टाकी भरत बसायची गरज नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मात्र नको, उकळूनही नको. उकळल्याने त्यातली रसायनं आणि क्षार जात नाहीत. बादली भरताना कडेला बर्फ असेल तर गुडघ्यावर बसून भरा, आणि एकट्याने जाऊ नका.